नदी वाहती, तर मार्ग चालता

जलमार्ग श्रेष्ठ की भूमार्ग, हा वाद आजच्या नियोजनकारांनी प्रथम उपस्थित केलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘षाड्गुण्य’ या सातव्या अधिकरणात तो येऊन गेला आहे. खर्च कमी, श्रम कमी आणि मालाची आवक विपुल, म्हणून जलमार्ग श्रेष्ठ, असे पूर्वाचार्यांचे मत तेथे नोंदविलेले आहे. कौटिल्य ते सरसकट स्वीकारत नाही. जलमार्गाची गती रोखली जाऊ शकते, तो सर्व काळ उपयोगी पडत नाही आणि त्यावर संकट ओढवले तर उपाय हाती राहत नाही, असे तो बजावतो. मात्र जलमार्गांतच निवड करायची झाली, तर भर समुद्रातील मार्गापेक्षा किनाऱ्याचा मार्ग बरा, किंवा नदीचा मार्ग बरा, असे त्याचे मत आहे. नदीमार्गाच्या बाजूने तो दोन कारणे देतो. त्या मार्गाला सातत्य असते आणि त्यावरील संकटे सोसता येण्याजोगी असतात.

सातत्य आणि सुसह्यता! दोन सहस्रकांपूर्वी लावलेल्या या दोन कसोट्यांवर आजच्या आपल्या नदीमार्गांकडे पाहिले, तर अभिमान वाटावा असेही पुष्कळ दिसते आणि अस्वस्थ व्हावे असेही दिसते. 2016 साली संसदेने राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम संमत केला आणि देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या 5 वरून 111 वर गेली. वीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे जलमार्ग कागदावर अस्तित्वात आले. परंतु राजपत्रात नाव छापल्याने नदीला पाणी येत नाही आणि नकाशावर निळी रेघ ओढल्याने काठावरचा नाविक पुन्हा वल्हे हाती घेत नाही. नदीमार्ग जिवंत राहतो तो वाहत्या पाण्यावर आणि पाणी जाणणाऱ्या माणसांवर. या दोन्ही गोष्टी सांभाळल्या, तरच आज चाललेला उद्योग टिकेल, अन्यथा मोठ्या घोषणांच्या यादीत आणखी एकीची भर पडेल.

आपल्या समाजजीवनात नदीची ही दुसरी ओळख, म्हणजे मार्ग म्हणून असलेली ओळख, किती खोल होती, याची आज कल्पना येणे कठीण आहे. पाटलीपुत्र गंगा आणि शोण यांच्या संगमावर वसले आणि साम्राज्याची राजधानी झाले, यात नद्यांचा वाटा थोडाथोडका नव्हता. अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. नदीमुखे, सरोवरे आणि नद्या यांवरील वाहतुकीची देखरेख त्याच्याकडे असे. तरीचे शुल्क ठरलेले होते. परंतु बालक, वृद्ध, रुग्ण, गर्भवती स्त्रिया, राजदूत अशांना विनामूल्य पार उतरवावे, असाही नियम होता. नदी ओलांडणे हा केवळ व्यापार नव्हे, तर राज्याने पुरवावयाची सोय आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते. आणि शृंगवेरपूरच्या निषादराज गुहाशिवाय रामकथेचा वनवास पुढे सरकतच नाही. अयोध्येच्या राजपुत्राला गंगापार करण्यासाठी निषादांच्या नौकेचाच आधार घ्यावा लागला, हे आपण कथेत ऐकतो. समाजरचनेत मात्र विसरतो.

या मार्गाशी आपल्या महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. रेल्वे येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, वऱ्हाड आणि नागपूर प्रांतातील कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून शेकडो कोस उत्तरेला मिर्झापूरला नेला जाई. तेथे गंगेच्या घाटावर तो नावांवर चढे आणि प्रवाहाबरोबर कोलकात्याला पोहोचे. अमरावतीच्या व्यापाऱ्याला कोलकात्याची पेठ जवळ करून देणारी ही गंगाच होती. मिर्झापूर त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील कापसाची मोठी बाजारपेठ होती, ती या नदीच्या बळावर. पुढे लोहमार्ग अलाहाबादला आणि जबलपूरला पोहोचला, कापूस मुंबईकडे वळला आणि मिर्झापूरच्या घाटांवरची गर्दी ओसरली. एका शहराच्या उताराची ही कहाणी पुढे साऱ्या गंगाखोऱ्याची झाली.

हे सातत्य नेमके तुटले कसे, हे समजून घेतल्याशिवाय ते जोडण्याची भाषा करणे व्यर्थ आहे.

पहिला घाव परकीय सत्तेच्या अर्थकारणाने घातला. 1834 साली ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ ही लोखंडी आगबोट गंगेवर धावू लागली, तेव्हा नदीमार्गाला नवे बळ मिळेल असे वाटले होते. 1844 साली इंडिया जनरल स्टीम नेव्हिगेशन ही कंपनी निघाली. पण लंडनच्या भांडवलदारांना पाच टक्के परताव्याची हमी देऊन रेल्वे उभारण्याचे धोरण आले आणि नदी मागे पडली. हमी रेल्वेला होती, नदीला नव्हती. गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन हे स्वतः इंग्रज अधिकारी. जलवाहतुकीस योग्य असे कालवे आधी बांधा, ते स्वस्त पडतील आणि दुष्काळात शेतीही वाचवतील, असे ते आपल्याच सरकारला अखेरपर्यंत सांगत राहिले. रमेशचंद्र दत्त यांनीही रेल्वेवरचा अवाढव्य खर्च आणि सिंचनाची उपेक्षा यांवर नेमके बोट ठेवले. त्यांचे ऐकले गेले नाही. रेल्वेने देश जोडला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रेल्वे आणि नदी एकमेकींना पूरक होऊ शकल्या असत्या, तेथे एकीला पोसून दुसरीला उपाशी ठेवले गेले.

त्याच काळात नदीतील पाणीही वळविले जाऊ लागले. हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा 1854 साली सुरू झाला, नरोऱ्याचा खालचा कालवा 1878 साली. या कालव्यांनी दोआबाची शेती फुलविली, याविषयी कृतज्ञताच हवी. परंतु उन्हाळ्यात हरिद्वार ते कानपूर या पट्ट्यातील गंगा कृश होत गेली. जेथे पूर्वी मालाच्या नावा चालत, तेथे नदी पायी ओलांडता येऊ लागली. घाटांचे स्वरूपही बदलले. 1878 च्या उत्तर भारत तर अधिनियमानुसार सार्वजनिक उतारे सरकारच्या ताब्यात गेले आणि ते ठेक्याने दिले जाऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर नाव चालविणारा नाविक ठेकेदाराचा मजूर झाला.

दुसरा घाव फाळणीचा. कोलकात्याहून सुंदरबनातून, खुलना-बारिसालच्या वाटेने पद्मेवर आणि तेथून ब्रह्मपुत्रेत शिरून आसामात जाणारा जलमार्ग हा ईशान्य भारताचा राजमार्ग होता. आसामचा चहा आणि ताग याच वाटेने बाहेर पडे आणि तेथे लागणारी यंत्रे, मीठ, कापड याच वाटेने आत येई. 1947 साली देशाचे तुकडे करणाऱ्या रेषेने हा मार्ग मधोमध कापला. घाईघाईने आसाम रेल्वे जोडमार्ग उभारला गेला आणि जानेवारी 1950 मध्ये तो सुरू झाला. सारा ईशान्य भारत सिलिगुडीजवळच्या वीस-बावीस किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीवर अवलंबून राहिला. तरीही काही वर्षे आगबोटी पूर्व पाकिस्तानातून ये-जा करीत होत्या. 1965 च्या युद्धात पाकिस्तानने तो मार्गही बंद केला. कौटिल्याने ‘गती रोखली जाऊ शकते’ असे म्हटले होते, त्याचा इतका बोचरा दाखला दुसरा नसेल. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर 1972 साली जलवाहतुकीचा करार झाला, पण सात वर्षांच्या खंडात कंपन्या, कारागीर आणि व्यापाऱ्यांच्या सवयी, सारेच विस्कटून गेले होते.

तिसरा घाव आपणच घातला, तो उपेक्षेचा. स्वातंत्र्यानंतर पूल झाले, रस्ते झाले. ते व्हायलाच हवे होते. 1982 साली महात्मा गांधी सेतू होईपर्यंत पाटण्याहून उत्तर बिहारमध्ये जाणारा प्रवासी महेंद्रू घाटावरून आगबोटीने पहलेजा घाटाला उतरत असे. त्याचे हाल संपले, हे चांगलेच झाले. पण पूल झाला म्हणून नदी निरुपयोगी झाली, असे आपण मानून बसलो. धरणे बांधताना, बंधारे घालताना, पुलांची उंची ठरविताना खालून उद्या नौका जाणार आहे, याचा विचार अनेक ठिकाणी झालाच नाही. अंतर्गत जलमार्ग प्राधिकरण स्थापन होण्यास 1986 साल उजाडले. त्याच वर्षी प्रयाग ते हल्दिया हा 1620 किलोमीटरचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाला. 1988 साली धुबरी ते सदिया हा ब्रह्मपुत्रेचा 891 किलोमीटरचा मार्ग दुसरा ठरला. नौकांसंबंधीचा 1917 चा इंग्रजी कायदा तर 2021 पर्यंत चालू होता. 104 वर्षे!

या पार्श्वभूमीवर गेल्या दशकात जे घडले, त्याचे मोल मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. 12 नोव्हेंबर 2018 रोजी वाराणसीच्या बहुउद्देशीय टर्मिनलचे लोकार्पण झाले आणि कोलकात्याहून गंगामार्गे आलेले कंटेनर तेथे उतरले. 2019 साली झारखंडमध्ये साहिबगंजचे टर्मिनल सुरू झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये ‘लाल बहादूर शास्त्री’ ही नौका 200 टन धान्य घेऊन पाटण्याहून निघाली आणि बांगलादेशमार्गे मार्चच्या आरंभी गुवाहाटीजवळच्या पांडू बंदराला लागली. राष्ट्रीय जलमार्गांवरील मालवाहतूक 2013-14 साली सुमारे 1.8 कोटी टन होती. ती 2024-25 मध्ये 14.5 कोटी टनांपर्यंत गेली. शासकीय हिशेबानुसार एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रस्त्याने साधारण अडीच रुपये, रेल्वेने सव्वा रुपयाहून थोडे अधिक, तर जलमार्गाने रुपयाच्या आसपास खर्च येतो. काही माल तर नदीखेरीज जाऊच शकत नाही. त्रिपुरातील पालाटाना वीज प्रकल्पाची अवजड यंत्रे बांगलादेशातील आशुगंज बंदरापर्यंत नदीनेच न्यावी लागली.

परंतु आकड्यांचा आनंद मानताना आकड्यांच्या आतही डोकावले पाहिजे. या 14.5 कोटी टनांचा मोठा भाग गंगा-ब्रह्मपुत्रेच्या अंतर्भागातील नाही. तो गुजरात आणि महाराष्ट्रातील भरती-ओहोटीच्या खाड्या आणि नदीमुखांतील आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे कोळशाचे आणि खनिजाचे बार्ज या आकडेवारीत येतात. ही वाहतूक मोलाची आहेच. पण तिला पाणी समुद्र पुरवितो. नदीच्या पोटात शेकडो किलोमीटर आत माल नेणे हे वेगळे आव्हान आहे. तेथे पाणी नदीनेच पुरवावे लागते. हल्दिया ते वाराणसी या टप्प्यात 2.2 ते 3 मीटर खोलीचा पट्टा राखण्याचे उद्दिष्ट आहे. गंगा दर पावसाळ्यात अमाप गाळ आणते आणि पात्र बदलते. गाळ उपसून वाट मोकळी करावी, तर पुढच्या पुरात ती पुन्हा भरते. प्रवाहच क्षीण असेल, तर उपसा हा कायमचा खर्च होऊन बसतो. प्रवाह जोमदार असेल, तर गाळ वाहून नेण्याचे निम्मे काम नदीच करते.

येथेच श्रद्धा आणि व्यवहार एका ठिकाणी येऊन मिळतात. 1916 साली हरिद्वारच्या भीमगोडा येथील बांधकामामुळे गंगेची धार अडणार, असे दिसताच पंडित मदनमोहन मालवीयांनी हिंदू समाजाला संघटित केले आणि गंगेची धार अखंड राहील, असे इंग्रज सरकारकडून मान्य करून घेतले. त्यांची मागणी श्रद्धेची होती. पण ती नदीच्या हिताची आणि म्हणून नदीमार्गाच्या हिताचीही होती. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्र सरकारने गंगेत किमान किती प्रवाह सोडला पाहिजे, याची अधिसूचना काढली. नरोरा आणि कानपूर येथे पावसाळा वगळता सेकंदाला किमान 24 घनमीटर पाणी सोडण्याचे बंधन त्यात आहे. त्याच आठवड्यात, अविरल गंगेसाठी 111 दिवस उपोषण करणारे स्वामी ज्ञानस्वरूप सानंद, पूर्वाश्रमीचे प्राध्यापक जी. डी. अग्रवाल, यांचे निधन झाले. त्यांच्या मते असे उपाय अपुरे होते. त्यांच्या सर्व मागण्यांशी सहमत होणे आवश्यक नाही. पण नदीत नदीचे पाणी किती उरू द्यायचे, हा त्यांचा प्रश्न टाळून जलमार्गाचा विचार करता येणार नाही. आरतीच्या वेळी आपण गंगेला माता म्हणतो. मातेच्या वाट्याला शेवटी उरलेले पाणी देणारी ही कसली भक्ती?

नदीत राहणाऱ्या जीवांचाही विचार याच सूत्रात बसतो. गांगेय डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर आहे. बिहारमधील सुलतानगंज ते कहलगाव हे त्याचे अभयारण्य पहिल्या राष्ट्रीय जलमार्गावरच आहे. हा जीव जवळजवळ अंध असतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट काढतो. तेथे नौकांचा वेग आणि गोंगाट यांना मर्यादा घालणे ही विकासाला आडकाठी नव्हे, ती गृहस्थधर्माची रीत आहे. घरात राहणाऱ्याला सांभाळूनच पाहुण्याने वावरावयाचे असते.

दुसरा प्रश्न माणसांचा. निषाद, केवट, मल्लाह, बिंद अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा समाज शतकानुशतके नदीवर जगला. कोठे भोवरा आहे, कोणत्या महिन्यात वाळूचा पट्टा कोठे सरकतो, वाऱ्याचा रंग पाहून नाव केव्हा काठाला लावावी, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. नव्या जलमार्गाच्या आराखड्यात या समाजाचे स्थान कोणते? 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही नौका निघाली. सत्तावीस नद्यांतून सुमारे 3200 किलोमीटरचा प्रवास करून ती दिब्रुगडला पोहोचली. भारताच्या नद्यांची कीर्ती जगात गेली, हे योग्यच झाले. पण विलासी नौका आल्यावर आमच्या रोजीरोटीचे काय, असे काशीचे नाविक वेळोवेळी विचारत आले आहेत. तो प्रश्न विकासविरोधी म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. गंगाकाठी 60 लहान सामुदायिक धक्के बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आहे. शेतकऱ्याची भाजी, कोळ्याची मासळी, गावातला प्रवासी यांच्यासाठी असलेले हे छोटे धक्के मोठ्या टर्मिनलइतकेच महत्त्वाचे आहेत. पाटण्याला 2004 पासून राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था आहे. तेथील प्रशिक्षणात नाविक समाजातील मुलांना पहिला मान मिळाला, तर वडिलांच्या हातातील वल्हे मुलाच्या हातात सुकाणू होऊन येईल.

प्रवाशांची सुरक्षा हे याच प्रश्नाचे दुसरे अंग आहे. ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटाचे लोक रोजच्या कामासाठी नदी ओलांडतात. 8 सप्टेंबर 2021 रोजी निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन एक बुडाली आणि त्यानंतर एकाच इंजिनावर चालणाऱ्या खासगी प्रवासी बोटींवर बंदी आली. अपघातानंतर आलेली बंदी म्हणजे व्यवस्था नव्हे. कौटिल्याने नदीमार्गाची संकटे ‘सोसण्याजोगी’ म्हटली, ती नावध्यक्षाचे लक्ष असे म्हणून. 25 एप्रिल 2023 पासून कोचीत विजेवर चालणाऱ्या बोटींची जलमेट्रो धावते आहे आणि त्या बोटी कोचीच्याच गोदीत तयार झाल्या आहेत. कोचीतील नोकरदाराला जे मिळू शकते, ते माजुलीतील शेतकऱ्याला का मिळू नये?

आणि हे सारे दूरच्या गंगा-ब्रह्मपुत्रेपुरते नाही. सावित्रीच्या पात्रातून महाडला, वाशिष्ठीतून चिपळूणच्या गोवळकोटला एके काळी गलबते येत. राजापूरच्या खाडीवर सतराव्या शतकात इंग्रजांना वखार घालावीशी वाटली, इतके ते बंदर महत्त्वाचे होते. आज ती खाडी गाळाने भरली आहे. डोंगर उघडे पडले, माती खाली आली, पात्रे उथळ झाली. जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीतील गाळ काढा, ही मागणी घेऊन तेथील नागरिक रस्त्यावर उतरले. ज्या नदीतून गलबते येत, त्याच नदीचे पाणी घरात शिरले. मार्ग मेला की नदी आपत्ती होते, हे कोकणाने सोसून शिकले आहे. गोव्यात मांडवी-जुवारीवरचे बार्ज मुरगाव बंदराला लोहखनिज पोहोचवीत. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि बार्ज काठाला लागले. एकाच मालावर उभा असलेला नदीमार्ग किती ठिसूळ असतो, याचा तो धडा आहे.

म्हणून आग्रह तीन गोष्टींचा हवा. एक, कोणताही जलमार्ग घोषित करण्यापूर्वी त्या नदीत उन्हाळ्यात किती पाणी राहील, याचा जाहीर हिशेब दिला जावा आणि तेवढे पाणी राखण्याचे दायित्व कोणाचे, हेही सांगितले जावे. दोन, नदीकाठच्या नाविक आणि मच्छीमार समाजाला या योजनांत मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून स्थान मिळावे. तीन, ईशान्य भारताचा जलमार्ग शेजाऱ्याच्या अंतर्गत घडामोडींवर सर्वस्वी अवलंबून राहू नये. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, तेव्हा या अवलंबित्वाची जाणीव पुन्हा झाली. म्यानमारमधील सित्वे बंदर 2023 साली खुले झाले, पण कलादान नदीवरील पुढचा मार्ग तेथील यादवीत अडकला आहे. अशा वेळी स्वतःच्या हद्दीतील ब्रह्मपुत्रा आणि बराक बळकट करणे आपल्या हाती आहे.

आपल्यापैकी प्रत्येक जण जलमार्ग बांधू शकत नाही. पण आपल्या तालुक्यातील नदी एप्रिल-मेमध्ये कोठवर वाहते, तिच्यात सांडपाणी कोठून येते, वाळू कोण उपसते, नव्या पुलाखालून होडी जाईल का, हे प्रश्न विचारणे प्रत्येकाच्या हाती आहे. स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न ग्रामसभेत, नगरपालिकेत मांडले पाहिजेत. नदीवर जगणाऱ्या वस्तीशी आपला संपर्क केवळ छठ किंवा नारळी पौर्णिमेपुरता राहता कामा नये. नदीमार्गाचे बळ सातत्यात आहे, हे कौटिल्याने सांगितले. ते सातत्य पाण्याचे असते, तसेच ते काठावरच्या समाजाचेही असते. दोन्ही वाहते राहिले, तर 111 हा आकडा सार्थ होईल. एकही आटले, तर राजपत्रातील जलमार्ग राजपत्रातच राहतील.